मागच्या गॅलरीतला पहारा

लातूरला खोली बघायची तर आधी पाणी बघायचं, मग शेजार, मग भाडं. जळकोटातून ज्या ज्या बायका लेकरांच्या डॉक्टरकीच्या, नीटच्या क्लासापायी लातूरला राहून आल्या, त्यांनी मला हेच बजावलं होतं. त्यामुळं दारात उभी राहिले की माझा पहिला प्रश्न ठरलेला: नळ किती दिवसाला येतो? कुठं आठ दिवसाला, कुठं दहा. कुठं बोअरचं पाणी असं खारं, की बादलीच्या कडेला पांढरी रेघ बसलेली. माझी लेक तनुजा मागं मागं चालत होती. पाठीवर दप्तर, उन्हासाठी ओढणी डोक्यावर घेतलेली.

कावेरीबाईंच्या घरी मात्र मी पाण्याचं विचारायचंच विसरले.

वरच्या मजल्यावरची खोली तशी लहान. पुढं दोन खाटा मावतील एवढा हॉल, मधे ओटा, आणि मागं जाळी लावलेली चिंचोळी गॅलरी. त्या गॅलरीच्या कोपऱ्यात कपडे धुवायची मशीन होती. पांढरी, वरून झाकणाची, झाकणावर दोऱ्यानं विणलेला रुमाल. लग्न होऊन आले तेव्हापासून मी दगडावर धुणं आपटत आलेली. मी त्या झाकणावर नुसता हात ठेवून उभी राहिले.

"मशीनसकट खोली हाय बगा," कावेरीबाई म्हणाल्या. त्या घरमालकीण, खालीच राहायच्या. "माझी न्हाई ती. मागं ऱ्हायलेल्या एका बाईनं घेतली होती, पोराच्या कपड्यासाठी. भोकरची बाई. पोरगं लागलं डॉक्टरकीला, तर जाताना म्हणली, राहू द्या इथंच, पुढच्या लेकराला कामी येईल."

"एवढी चांगली वस्तू ठेवून गेली?"

"मायाळूच लई. निघताना मशीनीला हळदीकुंकू लावलं, आता बोला. मी म्हणलं, बाई, मशीन हाय का म्हैस?"

तनुजा हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मी तिथंच हो म्हणून टाकलं. संध्याकाळी आमच्या ह्यांचा फोन आला, "पाणी कसंय तिथलं?" तेव्हा कुठं मी कपाळावर हात मारून घेतला.

नळ नऊ दिवसाला होता.

हे जळकोटला राहिले, सासूबाईंना आणि पतसंस्थेतली नोकरी सांभाळून. मी लेकीसंगं लातूरला. अशा आया त्या गल्लीत घरटी एक होत्या. दुपारी डब्याच्या पिशव्या घेऊन सगळ्या क्लासच्या गेटापाशी उभ्या. कुणी देगलूरची, कुणी अहमदपूरची, एकमेकींना लेकरांच्या नावानंच ओळखायच्या. मीही तिथं तनुजाची आई झाले. मला ते नाव आवडायचं. सिंधु म्हणून मला कुणी हाक मारली नाही तरी चाललं असतं.

दुपारी डबा पोचवला की मी मोकळी. दोन गल्ल्या सोडून मारुतीचं देऊळ होतं, तिथं कीर्तन असलं की मी पुढच्या रांगेत. कीर्तनाचं वेड मला माहेरपासून. महाराज एक चरण म्हणून थांबतात आणि मागचे टाळकरी तो उचलतात ना, तेव्हा माझ्या अंगावर अजून काटा येतो. आपण सोडलेलं कुणीतरी उचलून धरलंय, खाली पडू दिलं नाही, असं वाटतं.

त्या देवळात सप्ताह बसला आणि बायकांच्या दुपारच्या पहाऱ्यात मी नाव दिलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. रात्रंदिवस ती कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते. नाम घेत उभं राहायचं. बदलीचा माणूस येतो, पाया पडतो. मग आपण गळ्यातला पट्टा काढून त्याच्या गळ्यात घालायचा, त्याच्या पाया पडायचं आणि मोकळं व्हायचं. बदलीला कुणी आलंच नाही, तर तसंच उभं राहायचं. माझ्या सासूबाई एकदा पाय सुजेपर्यंत उभ्या होत्या. वीणा ठेवून जावं असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

त्याच आठवड्यातली गोष्ट. नळ आलेला नव्हता, गच्चीवरची टाकी कोरडी, टँकर संध्याकाळी येणार होता. मी तनुजाचे कपडे मशीनमध्ये टाकून झाकण लावलं. पाणी आलं की बादलीनं ओतू, असा विचार केला आणि पहाऱ्याला गेले.

परत आले तर कपडे मशीनच्या झाकणावर होते. धुतलेले, वाळलेले, घडी घातलेले.

घडी माझ्या पद्धतीची नव्हती. मी बाह्या मागं मुडपते. इथं दोन्ही बाह्या पुढं आणून एकावर एक ठेवल्या होत्या, कुणी हात जोडून बसावं तशा. कपड्यांना वाळ्याचा गारसर वास येत होता. आणि आमच्या टँकरच्या खाऱ्या पाण्यात कापड कडक व्हायचं, ते असं मऊ, की बोटातून निसटावं.

कावेरीबाई, असं मला वाटलं. खाली जाऊन विचारलं.

"मी? माझे गुडघे मला जिना चढू देतेत का? खोली दाखवायला आले तेवढंच." त्या म्हणाल्या. "आणि चाव्या दोन्ही तूच घेतल्यास की."

संध्याकाळी तनुजा आली. कुर्ता हातात घेतला, नाकाशी धरला, गालाला लावला. "आई, कसले भारी धुतलेस गं आज!"

"मग," मी म्हणाले.

शाबासकी माझी नव्हती. पण लेकीच्या तोंडून आलेली. मी घेतली.

भूतखेत मी मानत नाही. जिथं नाम चालतं तिथं तसलं काही थांबत नाही, हे शंभर कीर्तनांत ऐकलेलं. म्हणून मी माणसाच्या अंगानंच विचार केला. कुलूप बदललं. मशीनची वायर काढून ओट्याखाली ठेवली. गॅलरीच्या दाराला आतून कडी घातली, कडीला लाल दोरा बांधला. देवळातून आले तेव्हा दोरा जिथल्या तिथं होता, गाठ मीच मारलेली. कपडे झाकणावर, बाह्या जोडलेल्या.

एकदा भाकरी करताना मी सवयीनं नाम गुणगुणत होते. वायर परत जोडून मीच लावलेली मशीन फिरत होती, तिच्या घरघरीला एक ठेका येतो, त्यावर मी एक ओळ म्हटली आणि पीठ घ्यायला थांबले. मागून ती ओळ कुणीतरी उचलली. बाईचा आवाज, जरा बसका, सुरात. मी दचकून गप्प झाले. तो आवाज अर्ध्या शब्दावर थांबला. घाबरण्याआधी माझ्या मनात आलं ते वेगळंच: गळा माझ्यापेक्षा गोड आहे.

तिथून माझ्या मनातला हेवा सुरू झाला असावा.

टँकरचं पाणी भरपूर आलं त्या दिवशी मी मुद्दाम हातानं धुणं धुतलं. घासून, आपटून, निळीत काढून. तनुजानं कुर्ता घातला आणि लगेच काढला.

"टोचतोय गं. मशीनलाच लावत जा ना आई."

"हातचं धुतलेलं टोचतं व्हय आता?"

"तसं नाही. पण ते कसं मऊ असतं."

तो कुर्ता मी गुपचूप परत झाकणावर ठेवला. कीर्तनाला गेले, पण महाराज काय बोलले ते एक अक्षर आठवत नाही.

दर रविवारी तिची टेस्ट असायची. रविवारी तुळस तोडत नाहीत, म्हणून मी शनिवारीच कावेरीबाईंच्या कुंडीतलं एक पान तोडून ठेवायची आणि सकाळी तिच्या खिशात घालायची. पहिली टेस्ट होती तेव्हापासूनचा आमचा नेम. एका रविवारी ती संध्याकाळी आली आणि वहीत काहीतरी जपून ठेवताना दिसली. वाळ्याची एक काडी, बारीक, दोरा गुंडाळलेली.

"ही कुठली?"

"तूच तर ठेवलीस खिशात."

"आणि तुळशीचं पान?"

तिनं खिसा उलटा केला. "असेल इथंच कुठंतरी. पडलं वाटतं."

मी ओट्याकडं वळले आणि उगाच भांडी परत घासायला घेतली.

मग ती दुपार. क्लासला सुट्टी होती. मी कोथिंबीर आणायला खाली गेले होते. वर आले तर तनुजा गॅलरीत, पाठमोरी, मशीनला टेकून बसलेली. हळू आवाजात बोलत होती. मला वाटलं मैत्रिणीचा फोन. पण फोन खाटेवर होता.

"हो गं," ती म्हणत होती. "खाल्लं ना. दोन भाकरी खाल्ल्या." मग जरा थांबून, "नाही रडत. तू आहेस ना."

माझ्या हातातून जुडी पडली. तिनं वळून पाहिलं.

"कुणाशी बोलत होतीस?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग गॅलरीच्या कोपऱ्याकडं बघितलं, परत माझ्याकडं.

"तुझ्याशीच की," ती म्हणाली.

त्या रात्री मला भीती वाटली असं मी कुणाला सांगितलं तर ते खोटं होईल. माझ्या पोटात आग पडली होती. माझं लेकरू. त्याच्यासाठी मी घर, नवरा, दारातली तुळस सोडून या नऊ दिवसाच्या नळावर येऊन राहिले, आणि ते "तू आहेस ना" कुणाला म्हणतंय?

सकाळी कावेरीबाईंकडून मशीन ठेवून गेलेल्या भोकरच्या बाईचा नंबर घेतला. अयोध्याबाई तिचं नाव.

"हॅलो, अयोध्याबाई का? मी लातूरहून बोलते, कावेरीबाईंच्या वरच्या..."

पलीकडून एक बसका, दमलेला आवाज आला. "तनुजाची आई."

मी माझं नाव सांगितलं नव्हतं. लेकीचं तर नाहीच नाही.

"कावेरीबाईंनी सांगितलं व्हय तुम्हाला?"

"तिच्या हिरव्या कुर्त्याची शिलाई काखेत उसवली होती," ती म्हणाली. "टाके घातलेत मी. जुळता दोरा न्हवता, पोपटी घातलाय. रागावू नका."

मी फोन तसाच धरून घडीतला हिरवा कुर्ता ओढला, बाही उलटी केली. टाके बारीक होते, एकसारखे. पोपटी.

मी फोन ठेवला आणि पिशवी भरली. तनुजाचा डबा शेजारच्या देगलूरवालीकडं सोपवला, रात्री तिला खाली कावेरीबाईंकडं झोपायला सांगितलं आणि नांदेडची गाडी धरली. नांदेडला गाडी बदलून भोकर. सगळ्या वाटेत मी भांडणच जुळवत होते. कुठला शब्द आधी टाकायचा, कुठला मागं ठेवायचा. खिडकीतून कापसाची रानं जात होती, मला एक झाड आठवत नाही.

घर शोधायला वेळ लागला नाही. ओसरीवर एक बाई बसली होती. माझ्याच वयाची, जरा जाड, कपाळाला बुक्का, गळ्यात माझ्यासारखीच तुळशीची माळ. दोन्ही हात मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेले.

"रामकृष्ण हरी," ती म्हणाली. "या. लई ऊन लागलं आसंल."

आवाज तोच. नामाची ओळ उचलणारा. माझं जुळवलेलं भांडण जागच्या जागी विस्कटलं.

"हात का गुंडाळलेत?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

तिनं टॉवेल सोडला. दिवसभर धुणं धुतल्यावर होतात तसे हात. पांढरे, बोटांची टोकं सुरकुतलेली, नखांपाशी पाणी.

"डॉक्टर म्हणतो पाण्यात हात घालू नका," ती म्हणाली. "मी घालतच न्हाई. सासूबाई भांडी घासून राहिल्या या वयात. माझ्या सत्यमचं ॲडमिशन झालं, खोली सोडली, तवापासून असंच हाय. दुपारी हितं बसते. डोळा लागतो का न्हाई ते बी कळत न्हाई. जाग आली की हात असे. अन् नाकात त्या गॅलरीचा वास." ती स्वतःशीच हसली. "आमच्यानंतर त्या खोलीत एक पोरगा ऱ्हायला आला. त्याच्या मायनं कवा काय विचारलं न्हाई. तो गेला. मंग एकदा गुलाबी ओढणी हाताला लागली. म्हणलं, या बारीला लेक आली वाटतं."

"तुम्हाला काय गरज पडली होती?"

"गरज न्हाई हो ताई. हात थांबत न्हाईत."

"थांबवा की मग."

"लई गुणाची हाय तुमची तनुजा," ती म्हणाली, जणू मी काही बोललेच नव्हते. "फिजिक्सला घाबरते. तुमच्यापुढं रडत न्हाई, तुमी सगळं सोडून आलाव म्हणून. मशीनीपाशी येऊन रडते. मी नुसता हात फिरवते."

माझ्यासमोर तनुजा एकदाही रडली नव्हती. मला वाटायचं, माझी लेक खंबीर आहे. मी गेटापाशी चारचौघींत तसं सांगायचीसुद्धा.

मी उठून उभी राहिले.

"सोडा आता," मी म्हणाले.

"ताई, बसा. चहा टाकायला सांगते."

"चहा नको. माझ्या लेकीचं मी करीन. तुमचा पहारा झाला."

तिचा चेहरा एकदम सावध झाला. "आसं तोंडानं म्हणू नका."

"म्हणणार."

"तुमी माळकरी हाव. काय बोलून राहिलात ते कळतंय तुमाला. माझा सत्यम सुट्टीला येतो, त्याचा शर्ट मी हातात घेत न्हाई, ताई. माझ्या हातचं वाळत न्हाई."

मी ते ऐकलं. ऐकलं, पण माझ्या डोक्यात तिचा हात तनुजाच्या केसांवरून फिरत होता.

मी वाकले. रागानं वाकले. पाया पडायला रागानं वाकलेलं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं.

तिनं पाय मागं घेतले.

पण हात जागेवर राहिले नाहीत. आयुष्यभर ज्यांनी वीणा दिली आणि घेतली त्या हातांना सवय असते. समोर कुणी वाकलं की ते वर जातात. तिचे ओले पांढरे हात तिच्या स्वतःच्या खांद्यावर गेले, डोक्यावरून काहीतरी काढल्यासारखे फिरले, आणि माझ्या मानेवर आले.

वीणा नव्हती. काहीच नव्हतं.

मानेवर ओझं मात्र आलं. न पिळलेल्या चादरीएवढं.

आणि अयोध्याबाई रडत रडत माझ्या पाया पडली. रीत पुरी झाली.

ती उठली तेव्हा तिचे हात कोरडे होते. तिनं ते उन्हात धरले, उलटेपालटे केले, साडीला पुसले, परत धरले. मग धावत आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पोराचा एक निळा शर्ट होता, छातीशी गच्च धरलेला. मी निघाले, ते तिनं बघितलंसुद्धा नाही.

खोलीवर परतले तेव्हा वाळ्याचा वास गेला होता. त्या शनिवारी तनुजा माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. फिजिक्स येत नाही म्हणाली, तुला काय तोंड दाखवू म्हणाली. मी तिच्या केसांवरून हात फिरवत बसले. सकाळी तिच्या खिशात तुळशीचं पान घातलं. संध्याकाळी ते तिच्या वहीत होतं.

मी जिंकले होते. माझी लेक मला परत मिळाली होती. कपडे मी धुवायची, मी घडी घालायची, बाह्या मागं मुडपून. आता तिला टोचत नव्हते. नाम म्हणताना मागून कुणी ओळ उचलायचं नाही, तेवढं जरा सुनं वाटायचं.

निकाल लागला. तनुजाला नांदेडला ॲडमिशन मिळालं. आमचे हे टेम्पो घेऊन आले. खाटा उतरल्या, भांडी उतरली.

"मशीन घेऊन जायची का गं?" ह्यांनी विचारलं. "त्या बाईला विचारून बघ, पैसे देऊन टाकू."

"राहू द्या इथंच," मी म्हणाले. "पुढच्या लेकराला कामी येईल."

कावेरीबाई माझ्याकडं बघत होत्या. माझ्या हातात हळदीकुंकवाची डबी होती. ती मी कधी काढली, मला माहीत नाही.

जळकोटला आल्यावर पहिले काही दिवस काही झालं नाही. मग एका दुपारी मी दारात तांदूळ निवडत बसले होते. जरा डोळा लागल्यासारखं झालं. सासूबाईंनी हाक मारली, "सिंधु, तांदूळ का भिजवलेस गं?"

सुपातले तांदूळ ओले होते. हात पांढरे पडले होते, बोटांची टोकं सुरकुतलेली.

दिवाळीला तनुजा आली. होस्टेलचे कपडे बॅग भरून आणले होते. मी हौसेनं धुतले, दोरीवर घातले. दुसऱ्या दिवशी ते तसेच. तिसऱ्या दिवशी खाली अंगणात पाणी साचलेलं, आणि बाह्यांतून थेंब अजून पडतच होते. ऊन कडक होतं. शेजारणीचं धुणं घटकेत वाळत होतं.

"राहू दे आई," तनुजा म्हणाली. "तिकडं लाँड्रीवाला आहे." निघताना मी तिच्या गालावरून हात फिरवला. ती जराशी मागं झाली. "गार लागतात गं तुझे हात."

मी अयोध्याबाईला फोन लावला. तिचा आवाज आता खणखणीत होता. मागं कुकरच्या शिट्ट्या, सत्यमचं हसणं. मी काही बोलले नाही. तिनं दोनदा "हॅलो" केलं आणि ठेवून दिला. तिचा मला हेवा वाटला. पहिल्यापेक्षा जास्त.

एक धीर होता. मला कधी ना कधी फोन येणार होता. कावेरीबाईंच्या वरच्या खोलीतून, कुणातरी आईचा. ती विचारणार, चिडणार, तिच्या पोटात माझ्यासारखी आग पडणार. ती गाडी धरून येणार. मी तिची वाट बघत होते. ओसरीवर तिच्यासाठी बाज टाकून ठेवली होती.

आज फोन आला.

"अक्का, मी मंजुश्री बोलते, निलंग्याची. तुमी होताव ना, त्या खोलीत आता आमी हाव. माझी पुनम क्लासला हाय इथं." आवाज हसरा, भरभर बोलणारा. "कावेरीबाईनं नंबर दिला बगा. मला एक इचारायचं होतं. तुमच्या येळेला बी कपडे असे घडी होऊन मिळायचे का ओ?"

"घडी कशी असते?"

"बाह्या मागं मुडपलेल्या. लई नीटस. अन् आज पुनमची टेस्ट होती, तर खिशात तुळशीचं पान. ओलं. मी तर ठेवलं न्हवतं."

"मग?" मी म्हणाले. "तुम्हाला काय वाटलं?"

"काय वाटायचं?"

"तुमची लेक आहे. तिचं दुसरंच कुणीतरी करतंय. तिच्या खिशात हात घालतंय."

ती खळखळून हसली. "करू द्या की अक्का! मी तर दुपारी मस्त ताणून देते. जल्मात पहिल्यांदा अशी झोप मिळाली बगा. पुनम बी खूश, मी बी खूश. जे कोण करतंय, त्याचं भलं होवो. मी रोज हात जोडते मशीनीला."

"एकदा इकडं या," मी म्हणाले. "जळकोटला. भेटून जा."

"कशाला ओ?"

"भांडायला या."

"तुमच्यासंगं?" ती परत हसली. "आता काय म्हणावं अक्का तुमाला! ठेवते हं, पुनम आली वाटतं."

मी फोन खाली ठेवला. पडद्यावर ओल्या बोटाचा ठसा उमटला होता.

अंगणात आले. सासूबाई देवळात गेल्या होत्या, घरात दुसरं कुणी नव्हतं. आज रविवार. रविवारी आमच्या घरात तुळशीला कुणी हात लावत नाही.

वरच्या शेंड्याचं एक पान नव्हतं. देठ ताजा होता.

मी अंगठा नाकाशी नेला.